राहीबाईची दही-साखर

राहीबाईच्या घरी पाण्याचा तांब्या हातात घेतला की आधी त्यात आपलं तोंड दिसायचं, मग पाणी. कडेगावच्या शिवारातल्या त्या वस्तीवर एवढी लखलखीत भांडी दुसऱ्या कुणाच्या घरात नव्हती. अंगण असं झाडलेलं की कोंबडीनंही पाय टाकताना विचार करावा. नवरा लालासाहेब फौजेत हवालदार. तो सुट्टीवर आला की बूट अंगणाबाहेरच काढायचा आणि म्हणायचा, "आमच्या सुभेदारापेक्षा ही बाई कडक हाय." सुट्टी संपली की तो परत जम्मूला जायचा, आणि मग ऊस, म्हैस, पाण्याची पाळी आणि एकुलती एक लेक अंकिता हे सगळं राहीबाई एकटी ओढायची. डोक्यावरचा पदर जरासुद्धा ढळू न देता ओढायची. या पदराची आठवण ठेवा, पुढं लागणार आहे.

आता अशा बाईच्या पोटच्या पोरीच्या मानेवर मळ असावा, हे राहीबाईनं कसं सहन करावं?

अंकिता शाळेत असतानाच तो पहिल्यांदा दिसला. मागच्या बाजूला, केसांच्या खाली, एक मळकट पट्टा. राहीबाईनं शिकेकाईचा हात मानेवरून जरा जोरानं फिरवला. पट्टा गेला नाही. पुढच्या रविवारी बेसन लावलं, त्याच्या पुढच्या रविवारी लिंबाची फोड चोळली. वर्षभरात पट्टा रुंद झाला, कातडी जाडसर झाली, काखेतही तसाच काळपटपणा आला. मग राहीबाईनं टाचा घासायची वजरी काढली. न्हाणीतनं दर रविवारी तोच संवाद ऐकू यायचा.

"आई, दुकतंय."

"दुकू दे. मळ निगाया नगो?"

"मळ न्हाई त्यो."

"मग काय कस्तुरी हाय?"

घासून घासून मान लाल व्हायची आणि दोन दिवसांनी पुन्हा काळी. राहीबाईला वाटायचं, पोरगी आपल्या माघारी आंघोळीत चुकारपणा करते. पोरगी अंगानं भरत चालली होती, जरा चाललं की दमायची, जेवली की डुलक्या घ्यायची. त्यामुळं आळशीपणाचा शिक्का मारायला राहीबाईला काही जड गेलं नाही. माया नव्हती असं कुणी म्हणू नये. मायेपायीच ती घासत होती. उद्या लोकांनी पोरीला नावं ठेवू नयेत म्हणून आज आपण ठेवायची, अशी आपल्याकडच्या कितीतरी आयांची रीत असते, तशीच तिची.

आणि लोकांनी नावं ठेवलीच. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली त्या साली पंधरा ऑगस्टच्या कवायतीची जोरात तयारी चालली होती. अंकिता तेव्हा अकरावीत. रांगेत उभी असताना कॉलेजातल्या एक बाई मागून आल्या, तिची वेणी बोटानं बाजूला केली आणि सगळ्या पोरींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुमच्या घरी साबण मिळत नाही का गं?" पोरी हसल्या. अंकितानं ओढणीचे दोन वेढे मानेभोवती घेतले आणि कवायत संपायच्या आत घर गाठलं. दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेली नाही. तिसऱ्या दिवशी डोकं दुखत होतं. त्यानंतर तर तिनं कारण सांगायचंही सोडून दिलं.

राहीबाईनं रागावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली. पोरगी ढिम्म हलेना. दहावीला गणितात शाळेत पहिली आलेली ही मुलगी ओढणी गळ्याला आवळून दिवसभर घरात बसायची, आणि दारावर कुणी आलं की आतल्या खोलीत सरकायची. राहीबाईला स्वतःला चौथीतच शाळा सोडावी लागली होती. धाकटी भावंडं सांभाळायला घरी दुसरं कुणी नव्हतं. पोरीनं शिकावं, एवढी एकच हौस तिनं आयुष्यात उराशी धरली होती. ती आता डोळ्यांदेखत मातीत चालली होती, आणि वजरीनं घासून निघण्यासारखं हे काम नव्हतं.

त्यात आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. अंकिताची पाळी तीन-चार महिने आलीच नव्हती. शेजारच्या सुलाबाईला तिनं हळूच विचारलं, तर सुलाबाई म्हणाली, "सांगलीला घिऊन जा की. विश्रामबागंत एक डॉक्टरीण हाय, सुहासिनीबाई. पोरीबाळींचं तीच बगती. आनि वरडत न्हाई कुनावर."

सुहासिनीबाई पन्नाशीच्या होत्या. केस पिकलेले, चष्मा सारखा नाकावर घसरणारा. त्यांनी पाळीचं सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "अंकिता, ओढणी काढतेस जरा?"

अंकितानं आईकडं पाहिलं, जमिनीकडं पाहिलं आणि बऱ्याच वेळानं ओढणी काढली. राहीबाईनं शरमेनं घाईघाईत सांगून टाकलं, "आवं बाई, दर ऐतवारी घासती मी. लय चिवट मळ हाय. कायबी केलं तरी निगंना."

डॉक्टरीणबाईंनी मानेवरून बोट फिरवलं. दोन ठिकाणी खरवडून खपली धरली होती. "किती घासलंय हे," त्या हलकेच म्हणाल्या. मग चष्मा वर सारून राहीबाईकडं वळल्या. "हा मळ नाही, राहीबाई. कातडीच अशी झाली आहे. आपल्या अंगात इन्सुलिन नावाचा एक रस तयार होतो. जेवणातली साखर रक्तात उतरली की ती अंगाला लावायचं काम त्याचं. काहींचं अंग त्याला दाद देत नाही, मग तो जास्तच तयार होत राहतो. तो वाढला की मान आणि काख अशी काळी पडते. पाळी चुकते तीही पुष्कळदा त्यानंच. अंग किती दाद देत नाही, याचा अंदाज उपाशीपोटी रक्त तपासून करता येतो."

"मग घासून..."

"घासून काही होत नाही. नुसतं दुखतं."

परतीच्या एसटीत दोघी शेजारीशेजारी बसल्या होत्या. तासगाव मागं पडलं. मग खिडकीतून बाहेर बघत अंकिता म्हणाली, "मी सांगत व्हते."

राहीबाईकडं सगळ्याला उत्तर असायचं. पाण्याच्या पाळीवरून भांडायला आलेल्या गड्याला ती बोलून परत पाठवायची. त्या दिवशी मात्र 'चुकलं माजं' एवढेच दोन शब्द म्हणायचे होते. पण पोटच्या पोरीला असं म्हणायची तिच्या जिभेला सवय नव्हती. घरी आल्यावर तिनं वजरी उचलली आणि शेणकुटांच्या ढिगामागं टाकून दिली. पुढच्या रविवारी अंकितानं आतून कडी लावून एकटीनंच आंघोळ केली. राहीबाई बाहेर चुलीपाशी बसून पाण्याचा आवाज ऐकत राहिली.

तपासणीचा दिवस ठरला. रात्री जेवल्यावर सकाळी रक्त काढेपर्यंत पाण्याशिवाय पोटात काही जाता कामा नये, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आणि राहीबाईनं ते फौजेच्या हुकमासारखं पाळलं. पहाटे उठून तिनं चूलसुद्धा पेटवली नाही, न जाणो चहाच्या वासानं पोरीला भूक लागायची. स्वतःही चहा घेतला नाही. "ल्येक उपाशी आनि मी च्या ढोसू व्हय?" म्हणाली. पहिली एसटी गाठायला दोघी धावतपळत निघाल्या आणि त्या गडबडीत घरातनं निघतानाची एक गोष्ट राहून गेली.

ती गोष्ट म्हणजे दही-साखर. त्या घरातून कुणीही मोठ्या कामाला निघालं की राहीबाई त्याच्या उजव्या तळहातावर दही-साखर घालायची. लालासाहेब ड्यूटीवर परत जाताना घालायची. अंकिताच्या दहावीच्या प्रत्येक पेपरला घातली होती. राहीबाईच्या मते लालासाहेबाला आजवर गोळी लागली नव्हती ती त्यामुळंच. घरी द्यायला वेळ मिळाला नाही, पण हे राहून जाणं शक्य नव्हतं म्हणून तिनं पितळेच्या छोट्या डबीत दही-साखर पिशवीत घेतलीच होती. सांगलीत दवाखान्याच्या पायरीवर तिनं अंकिताला थांबवलं आणि डबी उघडली.

"हात कर."

त्या दिवशी तिनं साखर जरा जास्तच घातली होती. जे तोंडातून निघत नव्हतं ते सगळं तिनं त्या डबीत कालवलं होतं म्हणा ना. अंकितानं आईच्या तोंडाकडं पाहिलं. एसटीतल्या त्या दिवसानंतर तिनं आईकडं असं सरळ पहिल्यांदाच पाहिलं. मग तिनं हात पुढं केला, तळहात चाटून साफ केला, आणि दोघी आत गेल्या. आत चांगलीच गर्दी होती. अर्ध्या-पाऊण तासानं नंबर लागला. "उपाशी आहेस ना?" असं नर्सनं विचारलं, तेव्हा मायलेकी एका सुरात म्हणाल्या, "व्हय." त्यात खोटं काहीच नव्हतं. शकुनाचं कुणी खाण्यात धरतं का?

साखर तिथंच तपासली, इन्सुलिनसाठी रक्त बर्फात घालून पुण्याला गेलं. पंधरवड्यानं रिपोर्ट आला तेव्हा सुहासिनीबाईंचा चेहरा काळजीत पडलेला होता. त्यांनी दोन आकडे पुन्हा पुन्हा पाहिले.

"उपाशीपोटी साखर एकशे एकतीस. इन्सुलिन अठ्ठ्याऐंशी. या वयात हे फार आहे, राहीबाई. घरात कुणाला मधुमेह?"

 राहीबाईच्या वडलांचा एक पाय साखरेनं कापावा लागला होता. शेवटची दोन वर्षं त्यांनी दारातल्या बाजेवर काढली होती. "माज्या बापाला व्हता," ती कशीबशी म्हणाली. तिच्या डोळ्यांपुढं ती बाज आली, आणि बाजेवर अंकिता.

"गोळी सुरू करावी लागेल," असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी कागद पुढं ओढला आणि पेन उघडलं.

"थांबा बाई!" राहीबाई एकदम म्हणाली. पिशवीत हात घालून तिनं डबी काढली. एवढं मोठं औषध पोरीच्या नशिबी आलं, मग त्याची सुरुवात तरी शकुनानं व्हावी. तिनं अंकिताच्या तळहातावर दही-साखर घातली. सुहासिनीबाईंचं पेन हवेतच राहिलं.

"हे काय देताय?"

"दही-साखर. मोट्या कामाला देतोच आमी."

"रक्त काढलं त्या दिवशी दिली होतीत?"

"व्हय तर! मोटं काम न्हवं का? हितंच, पायरीवर. लय गर्दी व्हती, आत मग थांबलो आमी."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला. आणि त्या अशा हसायला लागल्या की बाहेरची नर्स दारात येऊन उभी राहिली. "अहो राहीबाई," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "रक्ताला शकुन कळत नाही हो. त्याला साखर तेवढी कळते. हा रिपोर्ट पोरीचा नाही, तुमच्या डबीचा आहे! फाडून टाका तो. आपण पुन्हा तपासू."

अंकिताही हसली. पण राहीबाई हसली नाही. वडलांची बाज अजून तिच्या डोळ्यांपुढून हलली नव्हती. "म्हंजे परत माजंच चुकलं," ती म्हणाली. आणि इतके दिवस अडकून पडलेलं ते सगळं एकदमच बाहेर आलं. "पोरीची मान सोलली मी, ते बी माजंच चुकलं. ती सांगत व्हती, दुकतंय, मळ न्हाई. मी ऐकलं न्हाई. आनि आता ह्ये. मी कराया जाती भलं आनि हुतंय भलतंच." ती रडायला लागली. खाली वाकून तिनं दोन्ही हातांनी पदर ओढून तोंडाला लावला, आणि इतकी वर्षं जागचा न हललेला तो पदर डोक्यावरून, मानेवरून खाली आला.

अंकिता तिच्या मागंच उभी होती. आईला धरायला ती पुढं झाली आणि तिचा हात तिथंच थांबला. आईच्या मानेवर, अंबाड्याच्या खाली, तसाच पट्टा होता. तिच्यासारखाच काळा, तिच्यासारखाच जाडसर. लग्न झाल्यापासून तो पदराखाली होता. घरात कुणी पाहिला नव्हता, आणि आपली मान आपल्याला कुठली दिसायला!

"आई," अंकिता म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "तू तर रोज आंघूळ करतीस."

राहीबाईला आधी कळेना. मग तिनं हात मागं नेला, मानेवर ठेवला, बोटांनी चाचपलं. रविवारमागून रविवार जी कातडी तिच्या हाताखाली आली होती, ती हाताला ओळखू आली. तिनं वळून अंकिताकडं पाहिलं. पोरीच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि हसूही नव्हतं. गेले कित्येक दिवस मनावर असलेलं काहीतरी तिच्या खांद्यावरून उतरल्यासारखं दिसत होतं. तिनं आईचा पदर उचलला, पण डोक्यावर घातला नाही. नुसता खांद्यावर ठेवला आणि हात तिथंच राहू दिला.

सुहासिनीबाईंनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला. मग म्हणाल्या, "पुढच्या खेपेला दोघीही उपाशी या. आणि डबी घरी ठेवा."

डबी घरी राहिली. दोघींची रक्तं पुण्याला जाऊन आली. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट स्वतः वाचला नाही, कागद आणि पेन्सिल अंकितापुढं सरकवलं. "तू गणितात हुशार आहेस म्हणे. उपाशीपोटीची साखर आणि उपाशीपोटीचं इन्सुलिन यांचा गुणाकार कर. आलेल्याला चारशे पाचनं भाग दे."

अंकितानं स्वतःचे आकडे मांडले. चौऱ्याण्णव गुणिले सव्वीस. कॉलेज सोडल्यापासून तिनं पेन्सिल हातात धरली नव्हती, पण हात अडला नाही. "सहाच्या जरा वर," ती म्हणाली. मग आईचे मांडले, एकशे आठ गुणिले बावीस. "सहाला थोडं कमी." तिनं दोन्ही उत्तरं पुन्हा एकदा पाहिली आणि आईला दाखवली, जसं काही राहीबाईला भागाकार वाचता येणार होता. "दोघींचं जवळजवळ सारखंच हाय, आई."

"निरोगी माणसाचं दीड-दोनच्या आसपास येतं," सुहासिनीबाई म्हणाल्या. "हा अंदाज आहे, काळ्या दगडावरची रेघ नव्हे. अंकिताची साखर अजून चांगली आहे, पण अंदाज सांगतो की दोघींनीही सांभाळायला हवं."

"पर बाई," राहीबाई म्हणाली, "हिची साखर तर चांगली हाय म्हनता. मग वाईट काय?"

"तुम्ही अंकिताला कामाला हाक मारता. एका हाकेत येते?"

"छ्या! तीनदा वरडावं तवा कुटं 'आले' म्हनती."

"पण येते. काम होतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, घर कसं सुरळीत चाललंय. ओरडून ओरडून तुमचा घसा बसलाय, हे कुणाला दिसतं का? तसंच हे आहे. साखर जागेवर आहे, कारण इन्सुलिन तीनदा ओरडतंय. नुसती साखर बघून ते ओरडणं कळत नाही. म्हणून दोन्ही आकडे गुणायचे. आणि घसा पुरता बसायच्या आत अंगाला ऐकायची सवय लावायची."

 वडलांच्या पायाचं, उसाचं, म्हशीचं, जम्मूचं, सगळं राहीबाईच्या मनात येऊन गेलं. घर सुरळीत चालताना आजवर कितीतरी जणांनी पाहिलं होतं, पण घशाचं कुणी कधी विचारलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले, पण या वेळी तिनं ते लपवले नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी पथ्य सांगितलं. रोज दोघींनी भरभर चालायचं, चहात साखर नाही, गूळही नाही, भाकरी मोजकी आणि भाजी भरपूर. अंकिताला एक साधी गोळी पाळीसाठी. "मान लगेच उजळणार नाही," त्यांनी अंकिताला स्पष्टच सांगितलं. "महिने जातील. थोडा काळेपणा राहीलही कदाचित."

"ऱ्हाऊ दे," अंकिता म्हणाली.

त्यानंतर उसाच्या बांधावरून रोज पहाटे मायलेकी चालताना दिसायला लागल्या. सुलाबाईनं हटकलं, "कुटं निगाला गं दोगी?" तर राहीबाई म्हणायची, "अंगाला कान फुटत्यात का बगतोय." बिनसाखरेचा चहा पिताना ती एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करायची, आणि अंकिता खो-खो हसायची. न्हाणीच्या दाराची कडी पुन्हा लागली नाही. एका रविवारी तर अंकितानंच आईचं डोकं धुतलं. मानेपाशी तिचा हात आला तेव्हा राहीबाईनं नकळत खांदे आखडून घेतले. पण त्या हातात शिकेकाईचा फेस तेवढा होता, आणि तो हात मानेवरून सावकाश फिरत राहिला.

दिवाळीची सुट्टी संपली. त्या सोमवारी राहीबाई दळण घेऊन आत आली तेव्हा अंकिता कॉलेजचे कपडे घालून फणी हातात घेऊन बसली होती. राहीबाईनं एक शब्द विचारला नाही. बोललं तर मोडेल की काय, अशी भीती वाटली तिला. ती मागं बसली, केस विंचरले आणि नेहमीसारखी मान झाकणारी सैल वेणी घालायला घेतली.

"वर बांद," अंकिता म्हणाली.

"आं?"

"उंच बांद, आई. मान उगडी ऱ्हाऊ दे."

राहीबाईचे हात क्षणभर थांबले. मग तिनं सगळे केस गोळा केले, उंच धरले आणि रिबिनीनं घट्ट बांधले. ओढणी अंकितानं खांद्यावरून सोडली. उंबऱ्याशी राहीबाईनं सवयीनं डबी आणली, झाकण उघडलं. अंकितानं हात मागं घेतला, तशी ती घाईनं म्हणाली, "साखर न्हाई घातली गं. नुस्तं दही हाय."

अंकितानं तळहात चाटला आणि डोळे बारीक केले. "लय आंबट हाय."

"आसू दे. शकुन दह्याचाच आस्तोय," राहीबाईनं ठोकून दिलं.

अंकिता हसत पायवाटेला लागली. सकाळचं ऊन तिच्या पाठीवर होतं. राहीबाई अंगणाच्या कडेला उभी राहून ती उघडी मान वळणापर्यंत बघत राहिली. वाऱ्यानं तिचा पदर डोक्यावरून घसरला होता. तो तिनं सावरला नाही.